फॉन्टनचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

संगणकावर रक्तप्रवाहाचं रंगीत चित्र आलं की उत्तर आलं, असं समजणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. विषय बहुधा फॉन्टन या हृदयशस्त्रक्रियेचा. हृदयाचा एकच कप्पा कामाचा असलेल्या मुलांमध्ये दोन्ही महाशिरा थेट फुफ्फुसधमन्यांना जोडतात. फुफ्फुसांकडे रक्त ढकलणारा पंपच उरत नाही, म्हणून जोडणीच्या आकाराला महत्त्व. शिरा समोरासमोर न जोडता जरा सरकवून जोडल्या तर ऊर्जा कमी वाया जाते, हे लंडन-मिलानच्या गटाने १९९६ साली अशाच गणितातून दाखवलं.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे दोन्ही फुफ्फुसधमन्यांच्या टोकाला शून्य दाब देऊन मोकळं होणं. एका विद्यार्थ्याचा उत्साहाने फोन आला, "सर, सरकवलेल्या जोडणीत डाव्या फुफ्फुसाला बरंच जास्त रक्त जातंय!" दोन दिवस मीही खूश. मग दोन्ही मॉडेल शेजारी ठेवली. एकात डावी धमनी अरुंद भागाच्या अलीकडेच कापलेली, दुसऱ्यात पलीकडे. म्हणजे तुलना शस्त्रक्रियांची नव्हतीच, कात्रीची होती. दोन्ही एकाच जागी कापून टोकांना फुफ्फुसांचा रोध लावला आणि फरक जवळपास गायब! खरा अडथळा फुफ्फुसांत असतो. जोडणीतला दाबाचा फरक त्यापुढे किरकोळ. तेव्हापासून रोध लावल्याशिवाय मी कुणाचं चित्र बघतच नाही.

दुसरी, एककांची. स्कॅनवरून काढलेली एसटीएल फाइल (नळीच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार) बहुधा मिलिमीटरमध्ये असते, ओपनफोम हे प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर तिला मीटर समजतं. १८ मिमीची नळी १८ मीटरची होते आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, चकार शब्द काढत नाही. शिवाय त्याच्या असंपीड्य (घनता न बदलणाऱ्या द्रवाच्या) सॉल्व्हरमधला दाब घनतेने भागलेला असतो. रक्ताच्या घनतेने, १०६० ने गुणा, मग १३३.३ ने भागा, तेव्हा कुठे मिमी पारा मिळतो. मी हे वहीत हातानेच करतो.

गणितासाठी नळीचे जे बारीक तुकडे पाडतो ती जाळी दुप्पट बारीक करून उत्तर हलतं का बघा. हलत असेल तर तुलना विसरा.

रक्त न्यूटनी (दाटपणा कायम सारखा) की अन्यूटनी (वेगानुसार बदलणारा) यावर आठवडा घालवू नका, इतक्या मोठ्या नळ्यांत त्याने बहुधा फारसं बिघडत नाही. श्वासाने मात्र बिघडतं. खालच्या महाशिरेतला प्रवाह श्वासागणिक वरखाली होतो.

आणि नुसती ऊर्जा मोजू नका. यकृताकडून येणारं रक्त एखाद्या फुफ्फुसाला मिळालं नाही, तर तिथे विकृत वाहिन्या तयार होऊन ऑक्सिजन घटतो. यकृताचं रक्त खालच्या महाशिरेतून येतं, म्हणून मॉडेलमध्ये तिथे कण सोडा आणि कुठे किती पोचतात ते मोजा. डावीकडे एकही कण न पोचवणारी जोडणी ऊर्जेच्या तक्त्यात खुशाल पहिली येऊ शकते.