दोरी हलकी लागते तेव्हा

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायची, बांधावरच्या बाभळी उतरवायच्या, या कामात पडणारी बहुतेक पोरं पहिली चेन सॉ जुनीच घेतात. मीही जुनीच घेतली, 58 सीसीची, 22 इंची बार, म्हणजे साखळी फिरते ती पट्टी, असलेली. सकाळी थंड असताना वीस-पंचवीस दोऱ्या ओढल्यावर सुरू व्हायची. दहा मिनिटं चालवून पाणी प्यायला बंद केली, की पुन्हा सुरूच होत नव्हती. मे महिन्याचं ऊन, शेतमालक उभा, आणि मी दोरी ओढतोय.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "कार्बोरेटर साफ करून घेजा, बाकी काही नाही." मी साफ केला, त्यातले डायफ्राम (पातळ पडदे) बदलले, शेवटी नवा कार्बोरेटर बसवला. फरक शून्य. मग तालुक्याला फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे मशीन नेली. त्यांनी स्विच बंद केला, बारला कव्हर घातलं आणि मशीन जमिनीपासून वीतभर वर, नुसत्या दोरीच्या मुठीला लटकवली. ती सरसर खाली आली. "हिच्यात दमच नाही राहिला, पोरा. कार्बोरेटर काहून बदलवला?" चांगल्या मशीनची दोरी अशी सुटत नाही. पिस्टन वर येताना दाब अडवतो, म्हणून मशीन लटकून राहते किंवा अडखळत, टप्प्याटप्प्यानं उतरते. ही तपासणी फुकट आहे आणि मी ती घेण्याआधीच करायला हवी होती.

नंतर काकांनी प्लग काढून तिथं दाब मोजायचा गेज लावला. एक्सलेटर पूर्ण दाबून, काटा थांबेपर्यंत पाच-सहा दोऱ्या. माझा काटा 85 पीएसआयवर थांबला. ढोबळ हिशेब असा: 150 च्या आसपास किंवा वर असेल तर इंजिन धडधाकट, 110 च्या खाली गेलं की त्रास सुरू, 90 च्या खाली धड सुरू होण्याची आशा सोडा. गेजची एक भानगड मात्र लक्षात ठेवा. मोटारीचा लांब नळीचा गेज एवढ्याशा इंजिनवर आकडा कमी दाखवतो, कारण नळीतली पोकळीही त्या दाबानंच भरावी लागते. ज्याचा व्हॉल्व्ह प्लगकडच्या टोकाला असतो, तोच गेज घ्या.

मग प्लगच्या भोकातून टू-टी ऑइलचे (पेट्रोलमध्ये मिसळतो त्या तेलाचे) चार-पाच थेंब टाकून पुन्हा मोजलं. आकडा 120 वर गेला. तेलानं फट बुजली, म्हणजे गळती पिस्टनवरची रिंग आणि सिलेंडर यांच्यामधूनच होती. तेल टाकूनही आकडा हलला नसता, तर सिलेंडरखालचं पॅकिंग, प्लगचे आटे किंवा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढताना दाब थोडा सोडणारा) असल्यास तो पाहावा लागला असता. विकणाराही ही युक्ती करू शकतो, म्हणून प्लग तेलानं ओथंबलेला दिसला तर त्या आकड्यावर विसंबू नका.

सायलेंसरचे बोल्ट काढले की पिस्टनची बाजू उघडी दिसते, मोबाईलचा टॉर्च पुरतो. माझ्या पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि रिंग काजळीत चिकटलेली. ओरखडे सायलेंसरच्या बाजूला असतील तर बहुधा तेल कमी पडलं किंवा हवा जास्त शिरून इंजिन तापलं. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर एअर फिल्टरमधून धूळ गेलेली असते, आणि आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ फार बारीक. माझे ओरखडे सायलेंसरच्या बाजूचे होते. सिलेंडरचं अस्तर शाबूत होतं, त्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम तेवढं चिकटलेलं. ते काळजीपूर्वक काढलं, नवा पिस्टन आणि रिंग बसवली. रिंगचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवरच आलं पाहिजे, नाहीतर सिलेंडरमध्ये घालताना रिंग तुटते.

इथंच बहुतेक जण थांबतात. काका थांबले नाहीत. "आधीचा पिस्टन कायले गेला, थे पाहल्याबिगर चालू करू नको." कार्बोरेटर आणि सिलेंडरमधला रबरी बूट वाकवून पाहिला तर त्याला चीर होती. तिथून जास्तीची हवा जाई, मिश्रण पातळ होई, इंजिन तापे. एक्सलेटर सोडल्यावरही मशीन थोडा वेळ घुमत राहायची, ती त्याचीच खूण होती. नवा पिस्टन फाटक्या बुटावर चालवला असता, तर तोही गेला असता. क्रँकचे ऑइल सील झिजले की तेही असाच घात करतात. पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलं धरा: 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली. बुचानं अंदाजे ओतू नका.

दाब चांगला असूनही सुरू होत नसेल तर प्लग, टाकीतला फिल्टर, जुनं पेट्रोल आणि सायलेंसरची काजळीनं बुजलेली जाळी पाहा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि रबराच्या नळ्याही खराब करतं. काम नसताना टाकी रिकामी ठेवा.

मशीन पाहायला जाताना प्लग पाना, गेज आणि पेचकस घेऊन जा. पोचल्याबरोबर सिलेंडरजवळ हात नेऊन पाहा. गरम लागलं, तर मालकानं ती आधीच चालवून ठेवली आहे, थंड होईपर्यंत थांबा. थंड सुरू करा, दहा मिनिटं चालवा, पाच मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा दोरी ओढा. व्यवहाराचं बोलणं त्यानंतर.