रिव्ह्यूला आलेला पेपर कसा सांभाळावा

संशोधन पत्रिकेकडून रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याचा पेपर छापण्याआधी तपासून देण्याची, पहिली विनंती आली की आनंद होतो, आणि त्या आनंदातच पहिली चूक होते. लातूरच्या एका तरुण प्राध्यापकानं मागच्या महिन्यात तसा मेल आल्याबरोबर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला, शीर्षक आणि सारांशासकट. त्याला बाजूला घेऊन मी जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आपण 'हो' कळवण्याआधीच गोपनीयता सुरू झालेली असते. विनंतीच्या मेलमध्ये सारांश येतो, म्हणजे कुणाचं तरी न छापलेलं काम आपल्या हातात आलेलं असतं. नकार दिला तरी ते कुणाला सांगायचं नाही. आणि नकार द्यायचाच असेल तर दोन दिवसांत द्या, तिकडे लेखक ताटकळलेला असतो.

होकार देण्याआधी लेखक ओळखू येतोय का, ते बघा. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवते, तुरीच्या मर रोगावरचे पेपर माझ्याकडे येतात. पत्रिकेनं नावं झाकलेली असतात, पण वाण बीडीएन-७११, जमीन काळी भारी, पावसाचे आकडे बदनापूरचे, एवढं वाचलं की काम कुठल्या शेतावर झालं हे मराठवाड्यातल्या कुणालाही कळतं. आपलं क्षेत्रच तेवढं आहे. अंदाज आला म्हणून फोन करून खात्री करू नका. लेखक आपला विद्यार्थी, मार्गदर्शक किंवा सध्याचा सहसंशोधक असावा असं वाटलं, किंवा आपलंही तेच काम चालू असेल, तर संपादकांना दोन ओळींत कळवा. पुढचं ते ठरवतील.

आता फाइल. प्रिंट काढायला आपण झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. ती त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते, हॉलतिकिटं आणि सातबाऱ्यांच्या मधोमध. कॉलेजसमोरच्या दुकानात उभी असताना मला पडद्यावर अशीच एक फाइल दिसली होती, नावातच पत्रिकेचा हस्तलिखित क्रमांक होता. तेव्हापासून मी स्क्रीनवरच वाचते. कागद हवाच असेल तर घरच्या प्रिंटरवर काढते आणि काम झालं की फाडून टाकते. विभागाच्या सामायिक कॉम्प्युटरवर फाइल उतरवूच नका.

माझी स्वतःची चूक मात्र फाइलची नव्हती, बोलण्याची होती. काही वर्षांपूर्वी एका पेपरात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या चाचणीची मांडणी मला फार आवडली. चहा पिताना एका सहकाऱ्याला म्हटलं, "काय सुंदर केलंय बघा," आणि मांडणी सांगितली. लेखकाचं नाव मला माहीतच नव्हतं, त्यामुळे काही फोडतेय असं वाटलंच नाही. पुढे त्या सहकाऱ्यांच्या विद्यार्थ्याच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तीच मांडणी आली. पेपर अजून छापलाही नव्हता. मी संपादकांना सगळं लिहून कळवलं आणि त्या सहकाऱ्यांनी सिनॉप्सिस बदलून घेतली. पण त्या लेखकाचं काम मी चव्हाट्यावर आणलं होतं, ते अजून सलतं.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला रिव्ह्यू शिकवायचा असेल तर आधी संपादकांची परवानगी घ्या आणि त्याचं नाव कळवा. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

इंग्रजीची धास्ती आपल्याकडे खरी आहे. म्हणून बरेच जण अख्खा पेपर चॅटजीपीटीत टाकून अभिप्राय मागतात. हे करू नका. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२३ मध्येच स्पष्ट केलंय की, गोपनीयतेची खात्री नसलेल्या अशा साधनांवर रिव्ह्यूअरनं हस्तलिखित चढवू नये. अभिप्रायाची भाषा सुधारण्यासाठी वापरायचं असलं तरी आधी पत्रिकेला विचारा. आपलं साधं, तुटकं इंग्रजी संपादकांना चालतं. त्यांना आपलं निरीक्षण हवं असतं.

अभिप्रायाला बहुतेक ठिकाणी दोन चौकटी असतात, एक लेखकासाठी, दुसरी फक्त संपादकांसाठी. आकडे बनावट वाटले, मजकूर उचललेला वाटला, तर दुसऱ्या चौकटीत पुराव्यासह लिहा. स्वतः चौकशीला निघू नका. वर्डची फाइल जोडणार असाल तर कॉमेंट्सवर आपलं नाव राहतं. फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट, असं जाऊन ते काढा. आपलेच चार पेपर वाचायला सुचवले तरीही नाव उघडं पडतंच.

रिव्ह्यू पाठवला की डाउनलोड फोल्डर, रिसायकल बिन, मोबाइलवर उतरलेली प्रत, सगळं पुसा. त्यातली कल्पना पेपर छापून येईपर्यंत वापरायची नाही. नंतर वापरली तर संदर्भ द्यायचा. पेपर छापून आल्यावरही रिव्ह्यूची चर्चा करायची नाही.

गेल्या वर्षी परभणीच्या चर्चासत्रात चहाच्या वेळी एक मुलगी तिचा छापून आलेला पेपर मला दाखवत होती. "मॅडम, रिव्ह्यूअरनं तिसरा तक्ता अख्खा परत करायला लावला, पण तक्ता चांगला झाला." तो तक्ता मला पाठ होता. मी तिच्या हातातून पेपर घेतला, तिसऱ्या तक्त्याचं पान उघडलं आणि पहिल्यांदाच बघावा तसा शेवटपर्यंत वाचला.