भरतीच्या आदल्या रात्रीची तयारी

हूप्स डायनॅस्टी हा ऑनलाइन बास्केटबॉल गेम, त्यात आपण अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमचे कोच असतो आणि टीमसाठी नवी मुलं भरती करतो. ही भरती उद्या उघडणार असेल, तर आज रात्री एकाही नव्या मुलाचं प्रोफाइल उघडू नका. आधी एक कोरा कागद घ्या. हूप्स डायनॅस्टीमध्ये कॉलेजच्या टीमला बारा जागा असतात, आणि आपल्या इंजिनीअरिंगसारखीच मुलांची चार वर्षं. मी तर कागदावर एफई, एसई, टीई, बीई (पहिलं ते चौथं वर्ष) असेच चार रकाने आखते आणि बाराही जणांची नावं आपापल्या वर्षाखाली लिहिते. प्रत्येक रकान्यात तीन नावं आली तर उत्तमच, पण ती कधीच येत नाहीत. बीईत पाच जण दिसले तर ते पाचही जण सीझन संपला की जाणार, म्हणजे पुढच्या वर्षी पाच नवखी मुलं एकदम मैदानात उतरवावी लागणार. नवीन मुलाला आपली अटॅकची पद्धत आणि आपला बचाव शिकायला वेळ लागतो. तो कितीही उंच आणि चपळ असला, तरी पहिल्या वर्षी चुकीच्या जागीच उभा असतो.

मोकळ्या जागांच्या हिशोबाने भरतीसाठी पैसे मिळतात, त्यामुळे पाच जागा म्हणजे चैन वाटते. तरीही पाचही जागा भरायचा मोह आवरा. चांगले चार मिळाले तर चारच घ्या आणि पाचव्या जागेवर वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेला मुलगा, बसू द्या. पुढच्या वर्षी ती जागा तुमचीच असते. नको असलेला मुलगा मात्र चार वर्षं तिथे बसून राहतो.

आता रिकाम्या जागांसमोर काम लिहा. ‘सेंटर हवा’, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच मुलगा हवा, एवढं पुरत नाही. ‘रिबाउंड (हुकलेला चेंडू) घेणारा, दोन वर्षांनी स्टार्टर (सुरुवातीच्या पाचातला) होईल असा’ असं लिहा. समजा दोन उंच मुलं समोर आहेत. एकाचं रिबाउंडिंग आज 55 आहे, पण पुढे फारसं वाढणार नाही. दुसऱ्याचं 38 आहे, पण वाढायला भरपूर वाव आहे आणि मेहनतीचा आकडाही चांगला आहे. टीईत तुमचा एक खणखणीत सेंटर असेल, तर मी डोळे मिटून 38 वाला घेईन. त्याच्या जागेची घाई नाही, आणि टीईतला जाईपर्यंत हा तयार झालेला असेल. टीईचा रकाना रिकामा असेल तर हिशोब उलटा. मुलगा चांगला की वाईट हे तुमच्या कागदाकडे पाहूनच ठरतं.

स्काउटिंगचे, म्हणजे मुलं शोधण्याचे, पैसे राज्यागणिक खर्च होतात आणि अंतर वाढलं की भेटींचा खर्चही वाढतो. तुमचं कॉलेज ओहायोत असेल तर ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया, फार तर मिशिगन एवढं नीट पाहा. कॅलिफोर्नियातला हिरा डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या, टीमला परवडत नाही. मुलाच्या आवडीनिवडीही आजच वाचून ठेवा. कुणाला घराजवळ राहायचं असतं, कुणाला जिंकणारी टीम हवी असते, कुणाला भरपूर खेळायला हवं असतं. समोर दुसरा कोच जिवंत माणूस आहे आणि त्याच मुलावर त्याचाही डोळा असू शकतो. म्हणून प्रत्येक जागेसाठी तीन नावं ठेवा आणि पहिल्यावर किती खर्च करायचा तो आकडा आधीच लिहा. चढाओढ सुरू झाली की डोकं तापतं. तेव्हा कागदावरचा आकडाच उपयोगी पडतो.

आता मुलांना मॅचमध्ये किती मिनिटं खेळवणार या वचनांकडे वळू, आणि इथे घाई करू नका. मॅच 40 मिनिटांची, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. पाच स्टार्टर्सना सरासरी 27 दिली की 135 गेली. तीन राखीव मुलांना 15-15 दिली की आणखी 45. उरली 20. म्हणजे 20 मिनिटांचं वचन फक्त एका नव्या मुलाला देता येतं. मी एकदा हा हिशोब न करता दोन फॉरवर्डना तोच शब्द दिला. दोघंही आले, मला फार आनंद झाला. सीझनच्या मध्यावर पाहिलं तर एकाला मॅचमागे 11 मिनिटं मिळत होती. सीझन संपल्यावर तो दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. त्याला दिलेला शब्द मी पाळला नव्हता, त्यामुळे त्याचं जाणं मला योग्यच वाटलं. पुढची तीन वर्षं माझ्या कागदावर त्या रकान्यात एक नाव कमी राहिलं. तेव्हापासून 200ची बेरीज केल्याशिवाय मी कुणालाही मिनिटांचा शब्द देत नाही. आणि ज्याला खेळवण्याचा शब्द दिलाय, त्याला रेडशर्ट करून वर्षभर बसवण्याचा विचारही मनात आणू नका.

टीम फुल-कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्यांना मैदानभर दाबून धरणारा बचाव, खेळत असेल तर ही बेरीज पुन्हा करा. प्रेसमध्ये मुलं लवकर दमतात आणि फाउलही जास्त होतात, त्यामुळे आठ जणांवर भागत नाही, दहा लागतात. मग स्टार्टर्सची 27 खाली येतात आणि नव्यांना द्यायला मिनिटं मिळतात. मला प्रेस आवडतो तो याचमुळे.

सरावाची मिनिटं थोडक्यात: वाढायला वाव आहे तिथेच घाला. जिथे मुलगा थांबलाय तिथली काढून घ्या. अभ्यासाचा तास मात्र विसरू नका. मार्क घसरले की मुलगा खेळायला अपात्र ठरतो, आणि तो नेमका तुमचा पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा) असला तर सगळा कागद फुकट.

शेवटी घड्याळ. गेम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालतो. तिकडे रात्री 11 वाजता भरतीची एखादी फेरी संपत असेल, तर तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे 8:30 वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तीच फेरी आपल्याकडे 9:30ला संपते, म्हणजे ऐन ऑफिसच्या वाटेवर. अलार्म आजच बदला, आणि कागदाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.