फोनचा आयएमईआय नंबर आजच लिहून ठेवा: कुठे सापडतो, कसा तपासायचा

मागच्या गणपतीत बाबांचा फोन गेला. मुंबईहून गाडीने येत होते, उतरताना दरवाजाजवळ ही गर्दी, सामान काढायची घाई, खेडला रिक्षात बसल्यावर हात खिशाकडे गेला तर खिसा रिकामा. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, आयएमईआय काय आहे? बाबांनी आपला मोबाईल नंबर सांगितला. हवालदार म्हणाले, काका तो सिमचा, मला फोनचा पाहिजे. घरी फोनचा खोका होता, पण तीन पावसाळे माळ्यावर काढून त्याला बुरशी आलेली, स्टिकर सोलपटून गेलेला. आणि बिल ते मशीनवरच्या गुळगुळीत कागदाचं, सगळं पांढरं पडलेलं, दुकानाचं नावसुद्धा वाचता येईना. आपल्या दमट हवेत कागदाचा काही भरवसा नाही, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

तर आयएमईआय म्हणजे तुमच्या हँडसेटचा स्वतःचा १५ आकडी नंबर. सिम बदललं, फोन रिसेट केला, नाव बदललं तरी तो तोच राहतो. फोन टॉवरला जोडला जातो तेव्हा हा नंबर नेटवर्कला कळतो, म्हणून तर चोरलेल्या फोनमध्ये दुसरं सिम टाकलं तरी तो ओळखता येतो. पहिले ८ आकडे कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे ६ त्या एका फोनचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या १४ वरून हिशोब करून काढलेला असतो.

बघायचा कसा? कॉल करायच्या कीपॅडवर *#०६# टाका, म्हणजे स्टार हॅश शून्य सहा हॅश. हिरवं बटण दाबायलाही लागत नाही, नंबर लगेच स्क्रीनवर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहून घ्या, बरेच जण एकच लिहितात आणि तिथेच फसतात. आयफोनलाही हाच कोड चालतो. सेटिंगमध्ये अबाऊट फोनमध्ये पण दिसतो. आणि ज्या टॅबमध्ये सिम जातच नाही, फक्त वायफाय आहे, त्याला आयएमईआय नसतो, त्याचा सिरियल नंबर लिहून ठेवायचा.

फोन हातात नसेल तर? आम्हाला शेवटी तो गूगलच्या अकाउंटमधून मिळाला. बाबांचं जीमेल ताईच्या फोनवर लॉगिन होतं, तिने गूगलचं हरवलेला फोन शोधायचं पान उघडलं, तिथे फोनच्या नावाशेजारच्या छोट्या आय चिन्हावर दाबलं तर आयएमईआय समोर. ॲपलवाल्यांना त्यांच्या अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या यादीत सापडतो. पण ज्यांना पासवर्डच आठवत नाही त्यांनी काय करायचं, आणि आपल्याकडच्या निम्म्या आईबाबांना तो आठवत नाही. म्हणून आजच लिहा. कॅलेंडरच्या मागे नको, ते जानेवारीत रद्दीत जातं. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा आणि स्वतःलाच एक मेल करून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा स्टेटसला मात्र टाकू नका, हा नंबर चोरून दुसऱ्या फोनवर चढवणारी माणसं असतात.

आता जुना फोन घ्यायचा असेल तेव्हाचं. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी आले की जुना फोन गावातल्या भावाला देऊन जातात, ते घरातलं झालं, त्यांच्याकडून फक्त बिलाचा फोटो मागून घ्या. पण बाजारात कोणी अनोळखी माणूस अर्ध्या किमतीत फोन देत असेल तर पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून *#०६# टाका, आणि आलेला नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक स्पेस, पुढे १५ आकडे, आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तर दुसऱ्याच कंपनीचं, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट, ऑलरेडी इन यूज असं काही आलं, तर फोन परत द्या आणि निघा. सरकारच्या संचार साथी ॲपमध्येही हीच तपासणी होते, हे ॲप जानेवारी २०२५ मध्ये आलं.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. खोक्यावरचा नंबर जुळला नाही म्हणजे फोन चोरीचाच असं नाही. हर्णैला, मिरकरवाड्याला बोटीवर जाणाऱ्यांचे फोन खाऱ्या पाण्यात पडतात, सर्व्हिस सेंटरला पूर्ण बोर्ड बदलतात आणि बोर्डाबरोबर आयएमईआयही बदलतो. असं कोणी सांगितलं तर जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरचा दुरुस्तीचा कागद, मागा. खरा माणूस दाखवतो. स्वतःचा बोर्ड बदलून आणलात तर नवा नंबर लगेच लिहून घ्या, जुना काही उपयोगाचा नाही.

शेवटच्या आकड्याचा हिशोबही करून बघा, सोपा आहे. नमुन्याचा नंबर घेऊ ४९०१५४२०३२३७५१ आणि शेवटी ८. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, उत्तर दोन आकडी आलं तर ते दोन आकडे मिळवायचे, म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे ९. असे दुप्पट केलेले मिळून होतात ३०, बाकीचे आहेत तसे मिळून २२, एकूण ५२. पुढची दहाची संख्या ६०, तिथे पोचायला ८ लागतात, म्हणून शेवटचा आकडा ८. कुठे लिहिताना एक आकडा चुकला की हे जमत नाही, चूक लगेच पकडली जाते. पण हिशोब जुळला म्हणजे नंबर खरा असं समजू नका, चोरलेला नंबरही जुळतोच.

फोन गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग त्याच नंबराचं डुप्लिकेट सिम काढा, कारण ब्लॉक करायच्या फॉर्मचा ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत, आम्ही त्या रात्री उगाच ओटीपीची वाट बघत बसलो होतो. मग संचार साथीवर सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या सरकारी नोंदवहीत, जाऊन हरवलेला फोन ब्लॉक करायचा फॉर्म भरायचा, तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि असेल तर बिल जोडायचं. ही सोय मे २०२३ पासून सगळ्या देशात आहे. ब्लॉक झाला की भारतातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्यात चालत नाही, वायफाय मात्र चालतं, त्यामुळे बँकेचे ॲप आणि जीमेलचे पासवर्ड वेगळे बदलावेच लागतात. ब्लॉक केल्यावर पोलिसांना शोधता येणार नाही ही भीती ठेवू नका, त्यात कोणी सिम टाकलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. आणि आयएमईआय टाका, फोन नकाशावर बघा असं सांगणाऱ्या साइट्सना एक रुपया देऊ नका, ते फक्त नेटवर्कवाल्यांना आणि पोलिसांना जमतं.

फॉर्म भरल्यावर रिक्वेस्ट आयडी मिळतो, तोही त्या चिठ्ठीवर लिहा. फोन सापडला तर आधी पोलिसांना कळवायचं, मग त्याच आयडीने अनब्लॉक करायचं, नाहीतर स्वतःचाच फोन हातात असून सिम चालणार नाही. बाबांचा अजून सापडलेला नाही, आयडी मात्र रेशनकार्डाच्या कव्हरमध्ये आहे, नव्या फोनच्या दोन्ही नंबरांच्या शेजारी.