नागपुरात बसून टायटनचा रंगीत फोटो कसा बनवावा

शनीभोवती फिरणारं कॅसिनी यान १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात शिरून जळून गेलं. त्याआधी त्याने साडेचार लाखांहून जास्त फोटो काढले होते आणि त्यातला एकही मुळात रंगीत नव्हता. कॅमेऱ्याला कळायचा तो फक्त उजेड, कमी की जास्त एवढाच. त्याच्यापुढे फिल्टरची चाकं फिरायची: लाल काचेतून एक फोटो, हिरव्यातून दुसरा, निळ्यातून तिसरा. त्या तिघांना एकत्र आणून रंग भरायचा तो इथे, पृथ्वीवर, माणसांनी. हे सगळे फोटो कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे ते काम तुम्हीही करू शकता. लागतं काय? साधा कॉम्प्युटर, इंटरनेट, गिम्प नावाचं फोटो-संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर आणि एक संत्रं.

सुरुवात संत्र्यापासून करा. गोकुळपेठेच्या बाजारातून एक चांगलं पिकलेलं आणा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सकाळच्या उन्हात मोबाइलने फोटो काढा. तो गिम्पमध्ये उघडून ‘कलर्स’, मग ‘कम्पोनंट्स’, मग ‘डीकम्पोज’ असं जा आणि ‘आरजीबी’ (लाल, हिरवा, निळा) निवडा. तीन काळे-पांढरे थर मिळतील. लाल थरात संत्रं जवळजवळ पांढरं दिसेल, हिरव्यात मधलं राखाडी, निळ्यात काळपट. कागद मात्र तिन्ही थरांत पांढराच. हे नीट बघून घ्या, घाई करू नका. टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र, बुधापेक्षाही मोठा, आणि त्याचा रंग साधारण याच जातीचा आहे. त्याच्या दाट वातावरणातला मिथेन वरच्या थरात सूर्यप्रकाशाने फुटतो आणि त्यातून नारिंगी-तपकिरी धुरकं तयार होतं.

आता फोटो शोधायचे. नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात ‘ओपस’ नावाची शोधखिडकी आहे. तिथे कॅसिनीचा कॅमेरा आणि टायटन निवडा. आपल्याला तीन फोटो हवेत, आरईडी (लाल), जीआरएन (हिरवा) आणि बीएल१ (निळा) या फिल्टरचे. एकाच कॅमेऱ्याचे (अरुंद कोनाच्या कॅमेऱ्याच्या फाइलचं नाव एन अक्षराने सुरू होतं, रुंद कोनाच्या डब्ल्यूने), काही मिनिटांच्या अंतराने काढलेले आणि सारख्याच मापाचे. पूर्ण आकार १०२४ बाय १०२४ असतो, पण कधी यानाने डेटा वाचवण्यासाठी ५१२चेही पाठवलेले आहेत. दोन्हींची मिसळ करू नका. टायटनची पूर्ण चकती चौकटीत मावलेला संच मिळेपर्यंत शोधत राहा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो जाऊ द्यावा.

तिन्ही फोटो ‘इमेज’, ‘मोड’मधून ग्रेस्केल (काळे-पांढरे) करा आणि एकाच फाइलमध्ये तीन लेअर, म्हणजे थर, म्हणून उघडा. ते एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत, कारण फिल्टर बदलेपर्यंत यानही सरकलेलं असतं आणि चंद्रही. वरच्या लेअरचा मोड ‘डिफरन्स’ करा. दोन्ही जुळले की चित्र जवळजवळ काळं पडतं, न जुळलेली कड उजळ दिसते. बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा. तिसऱ्याचंही असंच. मग मोड परत ‘नॉर्मल’, प्रत्येक लेअरला ‘लेअर टू इमेज साईज’ द्या, आणि ‘डीकम्पोज’शेजारच्याच ‘कम्पोझ’मधून लाल, हिरवा, निळा ज्याच्या त्याच्या जागी लावा.

पहिल्यांदा टायटन राखाडी येईल. काहीतरी चुकलं असं समजू नका. आपण उतरवलेले, पटकन पाहण्यासाठी दिलेले हलके फोटो एकेकटे आपोआप उजळवलेले असतात. निळ्या फिल्टरमधला मंद टायटनही त्यात लालइतकाच चकाकतो आणि तिघांमधलं मूळ प्रमाण हरवतं. म्हणजे संत्र्याचे तिन्ही थर कुणीतरी सारखेच पांढरे करून ठेवावेत, तसं. ते प्रमाण आपल्याला परत आणायचं आहे. ‘कलर्स’मधल्या ‘लेव्हल्स’मध्ये एकेक रंग निवडा: लाल तसाच ठेवा, हिरवा थोडा खाली आणा, निळा बराच खाली. संत्र्याचे थर शेजारच्या खिडकीत उघडे ठेवले तर हात बसतो. डोळ्यांच्या अंदाजावर समाधान नसेल, तर त्याच संग्रहात मोजमाप दुरुस्त केलेल्या फाइली आहेत. त्यात खऱ्या उजेडाचे आकडे मिळतात, पण त्या उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पहिल्या महिन्यात तिकडे जाऊ नका.

चित्रात लाल, हिरवे किंवा निळे बारीक ठिपके दिसतील. एकाच रंगाचा ठिपका असेल तर तो बहुधा कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळलेला वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून आलेला वेगवान कण. पण पुसण्याआधी तिन्ही लेअरमध्ये तपासा. मार्च १९७९मध्ये नासाच्या अभियंता लिंडा मोराबिटो व्हॉयेजर १ यानाचा एक फोटो ताऱ्यांची जागा पाहण्यासाठी उजळवत होत्या. गुरूच्या आयो चंद्राच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी दिसलं. त्यांनी तो डाग समजून सोडून दिला नाही, आणि पृथ्वीबाहेरचा पहिला जिवंत ज्वालामुखी सापडला.

शेवटी फोटोखाली ओळ लिहा. मूळ तीन फाइलींची नावं, तारीख, वापरलेले फिल्टर, आणि श्रेय: नासा, जेपीएल-कॅलटेक, स्पेस सायन्स इन्स्टिट्यूट. अवरक्त किंवा अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) फिल्टर घातला असेल तर ‘रंग डोळ्यांना दिसतो तसा नाही’ असं स्पष्ट लिहा. आणि त्याच्या खाली: ‘रंगसंतुलन माझं, नागपूर.’