स्कॅन साठवलेल्या टेबलावरील ट्रिगर आणि त्यांची मेमरी

इंदुरातील एका मराठी वाचनालयाची जुनी इतिवृत्ते आणि त्यांच्याकडचे होळकरकालीन मोडी कागद स्कॅन करून आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवले. प्रत्येक पानाला एक ओळ आणि त्याच ओळीत बाइट-ए (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) प्रकारच्या कॉलमात पानाचे चित्र, अशी सोपी मांडणी होती. एका दुपारी सूची तपासणारे काका आणि त्यांचे दोन सहकारी शीर्षकांतील शुद्धलेखन दुरुस्त करायला बसले आणि 2 जीबी मेमरीच्या त्या सर्व्हरने मान टाकली. लिनक्सने मेमरी संपल्याचे पाहून पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली आणि तिच्याबरोबर सगळ्यांचीच कनेक्शने तुटली. "अहो, मी तर फक्त वेलांटी बदलली," असे काका म्हणाले, आणि ते अगदी खरे होते. चूक मी लिहिलेल्या ऑडिट ट्रिगरची होती. ट्रिगर म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो ते फंक्शन; हा ट्रिगर प्रत्येक बदलाची नोंद ठेवत असे.

पोस्टग्रेसचे स्वतःचे एक पान (स्कॅनचे नव्हे, डिस्कवरचा ठोकळा) 8 केबीचे असते. ओळ साधारण 2 केबीच्या पुढे गेली की तिच्यातील मोठी मूल्ये टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात तुकड्यांनी ठेवली जातात आणि मूळ ओळीत केवळ एक छोटा निर्देशक उरतो. शीर्षक बदलले आणि चित्राला हात लावला नाही, तर ट्रिगरला मिळणाऱ्या ओल्ड (बदलापूर्वीची) आणि न्यू (बदलानंतरची) या दोन्ही ओळींत तो निर्देशकच असतो, म्हणून नुसता ट्रिगर असल्याने मेमरी वाढत नाही. ट्रिगरमधील एखादे वाक्य ते मूल्य खरोखर मागते, त्या क्षणी संपूर्ण चित्र मेमरीत उलगडते. नवे चित्र घालताना मात्र ही सवलत नाही, कारण ते अजून टोस्टमध्ये गेलेलेच नसते आणि बिफोर ट्रिगरच्या, म्हणजे ओळ लिहिण्यापूर्वी चालणाऱ्या ट्रिगरच्या, न्यू ओळीत सगळेच्या सगळे हजर असते.

आमच्या ट्रिगरमध्ये संपूर्ण ओळीचे जेसनबी (पोस्टग्रेसमधील जेसनचा प्रकार) करणारे टू_जेसनबी हे फंक्शन ओल्ड आणि न्यू या दोन्ही ओळींवर चालवून निकाल ऑडिट टेबलात टाकलेला होता. ए-4 आकाराचे पान 300 डीपीआयवर, 24 बिट रंगांत, कॉम्प्रेशनशिवाय साठवले तर 2480 गुणिले 3508 गुणिले 3, म्हणजे सुमारे 26 एमबी होतात. जेसनमध्ये जाताना बाइट-एचे रूपांतर हेक्स मजकुरात होते आणि प्रत्येक बाइटला दोन अक्षरे लागतात, त्यामुळे 26 चे 52 झाले. ओल्ड आणि न्यू मिळून मूळ बाइट 52 एमबी आणि मजकूर 104 एमबी, म्हणजे 156 एमबी, आणि त्यात मधल्या प्रतींची मोजदाद नाही. तीन माणसे एकाच वेळी वेलांट्या बदलत होती, हे लक्षात घेतले की पुढचे सांगायला नको. याच कारणाने जेसनबीच्या एका मजकुराची 256 एमबीची मर्यादा 128 एमबीच्या आसपासच्या फाइलीलाच आड येते.

दुरुस्तीच्या आधी मोजणी करावी. ऑक्टेट_लेंग्थ हे फंक्शन बाइट-एची लांबी मूल्य न उलगडता सांगते आणि पीजी_कॉलम_साइझ डिस्कवरील आकार सांगते, म्हणून या दोन्ही क्वेरी चालत्या सर्व्हरवर निर्धास्त चालवता येतात. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर नवे कनेक्शन उघडून त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्यावा, एका ओळीचे शीर्षक बदलावे आणि लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधील त्या पीआयडीच्या स्टेटस फाइलीत व्हीएमएचडब्ल्यूएम हा आकडा पाहावा; प्रोसेसने गाठलेली कमाल मेमरी तेथे दिसते. त्यात शेअर्ड बफरची (सगळ्या कनेक्शनांच्या सामाईक मेमरीची) वापरलेली पानेही मोजली जातात, म्हणून हीच चाचणी ट्रिगर बंद ठेवून दुसऱ्या नव्या कनेक्शनवर करावी आणि फरक धरावा. आवृत्ती 14 पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शनही आहे, पण ते त्या क्षणाचेच चित्र देते आणि क्षणभराचे शिखर त्यातून सहज निसटते.

आता ट्रिगर कसा लिहावा. जेसनबी तयार झाल्यावर त्यातून चित्राची की वजा करणे हा उपाय अनेकांना सुचतो, मलाही सुचला होता. तो निरुपयोगी आहे, कारण वजाबाकीपूर्वीच 52 एमबीचा मजकूर तयार झालेला असतो. त्याऐवजी जेसनबी_बिल्ड_ऑब्जेक्ट वापरून शीर्षक, वर्ष, पानक्रमांक असे हवे तेवढेच कॉलम नावाने घ्यावेत. चित्र बदलले की नाही हे ऑडिटमध्ये हवे असेल, तर शा-256 चा हॅश (चित्राच्या बाइटांवरून काढलेला छोटा ठसा) वेगळ्या कॉलमात ठेवावा आणि चित्र चढवतानाच अ‍ॅप्लिकेशनने तो काढून पाठवावा.

ट्रिगर कधी चालावा हेही बांधून द्यावे. अपडेट ऑफ लिहून कॉलमांची नावे दिली की अपडेटमध्ये ते कॉलम असतील तेव्हाच ट्रिगर चालतो. मात्र हे नाव पाहून ठरते, मूल्य पाहून नव्हे. अ‍ॅप्लिकेशनमधील ओआरएम (कोडमधील वस्तूंवरून क्वेरी तयार करणारी लायब्ररी) प्रत्येक वेळी सगळे कॉलम परत पाठवत असेल, तर हे बंधन कुचकामी ठरते आणि चित्रही दर वेळी नव्याने लिहिले जाते. म्हणून ओआरएमला फक्त बदललेले कॉलम पाठवायला सांगावे. ट्रिगर चालायचा की नाही हे ठरवणाऱ्या व्हेन अटीत ओल्ड आणि न्यू या संपूर्ण ओळींची तुलना टाळून कॉलमांची नावे घेऊन तुलना करावी. संपूर्ण ओळींच्या तुलनेत पहिला फरक सापडला की काम थांबते, त्यामुळे काहीच बदललेले नसते नेमकी तेव्हाच ती सर्वांत महाग पडते, कारण दोन्ही चित्रे उलगडून शेवटच्या बाइटपर्यंत ताडून पाहावी लागतात. निरर्थक अपडेट अडवायचेच असतील, तर सप्रेस_रिडंडंट_अपडेट्स_ट्रिगर हे तयार फंक्शन निर्देशकांसह ओळीचे बाइट जसेच्या तसे ताडते आणि चित्र उघडत नाही. ट्रिगर नावाच्या वर्णक्रमाने चालतात, म्हणून याचे नाव झेडने सुरू करावे.

एकाच अपडेटमध्ये हजार ओळी बदलल्या तर हजारपट मेमरी लागते का? रो-लेव्हल, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी चालणाऱ्या, ट्रिगरमध्ये नाही. प्रत्येक ओळीनंतर तिची मेमरी मोकळी होते आणि शिखर एका ओळीचेच राहते. ओळ लिहिल्यानंतर चालणाऱ्या आफ्टर ट्रिगरची रांग मेमरीत असते, पण तिच्यात ओळींचे पत्ते असतात, चित्रे नसतात. लाखो ओळींचा अपडेट असेल तरच ती जाणवते आणि मग काम तुकड्यांत करावे. पूर्ण अपडेटमागे एकदाच चालणारा स्टेटमेंट-लेव्हल ट्रिगर आणि बदललेल्या सगळ्या ओळी एकत्र देणारी आवृत्ती 10 पासूनची ट्रान्झिशन टेबले वापरत असाल, तर वर्क_मेम या मेमरी-मर्यादेच्या पुढचा भाग डिस्कवर जातो. मूळ सेटिंग 4 एमबीचे आहे. त्या टेबलातील सगळ्या ओळी जेसनबी_अ‍ॅगने एकत्र करू नयेत. तेथे मात्र हजारपट खरोखरच होते.

माझ्या मते खरा तोडगा चित्रे वेगळ्या टेबलात हलवण्याचा आहे. मूळ टेबलात पानाची माहिती, आकार आणि हॅश ठेवावा. चित्रांच्या टेबलात पानाचा आयडी आणि बाइट-ए एवढेच असावे आणि त्यावर ऑडिट ट्रिगर नसावा. पुढे कोणी नवशिक्याने टू_जेसनबी लिहिले तरी त्याच्या हाती चित्र लागत नाही. जेपीजीसारखी आधीच दाबलेली चित्रे असतील, तर त्या कॉलमाचे स्टोरेज एक्स्टर्नल करावे, म्हणजे पोस्टग्रेस ती पुन्हा दाबण्याच्या फंदात पडत नाही. जुन्या ओळींना हा बदल आपोआप लागू होत नाही, त्या नव्याने लिहाव्या लागतात.

टेबले वेगळी केल्यावर आम्ही तीच चाचणी पुन्हा केली. काकांनी तीच वेलांटी पुन्हा ऱ्हस्व केली, मग दीर्घ केली, आणि ट्रिगर चालू असताना व बंद असताना मिळालेल्या कमाल मेमरीच्या आकड्यांत दखल घेण्याजोगा फरक उरला नव्हता.