लठ्ठपणाची शस्त्रक्रिया ठरवताना आधी आपल्या गावचा डॉक्टर गाठा

माझ्या थोरल्या बहिणीची लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पहिल्या तपासणीपासून पुढची दोन वर्षे मी तिच्यासोबत होतो. आमचे घर भुसावळला आणि शस्त्रक्रिया नाशिकला झाली. खानदेशातील बहुतेक कुटुंबांची हीच स्थिती असते. कोणी नाशिकला जातो, कोणी मुंबई-पुण्याला; नंदुरबारकडच्या लोकांना सुरत आणि रावेर-यावलकडच्यांना इंदूर सोयीचे पडते. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया साधारण एक-दोन तासांत आटोपते आणि दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. त्यानंतरची सगळी वर्षे मात्र शल्यचिकित्सकापासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्याच स्वयंपाकघरात काढायची असतात. म्हणून कोणते रुग्णालय निवडावे याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे. रात्री उलट्या सुरू झाल्या तर गावातल्या कोणत्या डॉक्टरकडे जायचे, आणि त्या डॉक्टरला या शस्त्रक्रियेविषयी काय माहीत असेल, हे आधी नक्की करावे.

निर्णयाची सुरुवात बीएमआयपासून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्यापासून होते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो आकडा मिळतो. 160 सेंटिमीटर उंचीच्या आणि 96 किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय 37.5 येतो. 2022 मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीएमआय 35 किंवा त्याहून अधिक असल्यास अन्य विकार नसले तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत 27.5 पासूनच तिचा विचार करावा असे म्हटले आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. भारतातील अनेक शल्यचिकित्सक 37.5, आणि मधुमेहासारखा विकार असल्यास 32.5, असा उंबरठा धरत आले आहेत. आरोग्य विम्याचा नियम याहून कडक आहे. त्यात बीएमआय किमान 40 लागतो, किंवा 35 सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार असावा लागतो, आणि आधीचे उपाय करून पाहिल्याची नोंदही लागते. म्हणजे डॉक्टर होकार देतील आणि विमा कंपनी नकार देईल, असे सहज घडू शकते. पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी तपासून पूर्वमंजुरी लेखी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नये.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार प्रामुख्याने केले जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून उरलेल्या भागाची अरुंद नळी ठेवतात. भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा स्रोतही त्याबरोबर जातो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ज्यांना छातीत जळजळ आणि आंबट ढेकरांचा जुना त्रास आहे त्यांच्यात स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून अशांना बहुधा बायपास सुचवतात. मधुमेहावरही बायपासचा परिणाम सहसा अधिक दिसतो. मात्र बायपासनंतर जीवनसत्त्वांची आणि लोहाची कमतरता अधिक संभवते व गोळ्या चुकवणे महागात पडते. वजन साधारणपणे मूळ वजनाच्या एक चतुर्थांश ते जवळपास एक तृतीयांश इतके घटते, बारा ते अठरा महिन्यांत ते सर्वांत खाली येते आणि नंतर काही किलो परत चढतात. हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने आता भारतात मिळतात. ती सोसतील आणि पुरतील का, हा प्रश्न शल्यचिकित्सकाबरोबरच मधुमेहतज्ज्ञालाही विचारावा.

तंबाखू सुटलेली नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. बिडी, सिगारेट, गुटखा आणि मिश्री किमान सहा आठवडे आधी बंद झालीच पाहिजेत, कारण जठरावरचे टाके भरून येण्यात त्यांचा अडथळा होतो आणि बायपासनंतर व्रण होतात. दारूचे व्यसन, उपचाराविना राहिलेले नैराश्य किंवा एका बैठकीत ताबा सुटून खाण्याची सवय असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट टाळू नये.

तपासण्यांमध्ये रक्तशर्करा, थायरॉइड, यकृत, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व, हृदयाची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी येते. शाकाहारी घरांमध्ये बी-12 आधीच कमी असते. ते शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढावे. एक तपासणी मी मुद्दाम वेगळी सांगतो. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. घरात कोणालाही तो असेल, किंवा स्वतःची तपासणी झालेली नसेल, तर ते भूलतज्ज्ञाला सांगून रक्ततपासणी करून घ्यावी, कारण सिकलसेलच्या रुग्णासाठी भूल, शरीरातील पाण्याची कमतरता आणि थंडी या तिन्ही गोष्टी धोक्याच्या ठरतात. मधुमेहाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात आणि वजनाचे इंजेक्शन चालू असल्यास भूलतज्ज्ञाला त्याची कल्पना हवी, म्हणून सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

शस्त्रक्रियेपूर्वीचे शेवटचे सुमारे दोन आठवडे कमी पिष्टमय, प्रथिनयुक्त आहार देतात. त्याने यकृतातील चरबी उतरते, यकृत आकसते आणि शल्यचिकित्सकाला जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. महिना निवडताना आपल्या हवामानाचाही विचार करावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि नुकतेच लहान झालेले जठर एका वेळी दोन-चार घोटांपेक्षा जास्त पाणी घेत नाही. तातडी नसेल तर दिवाळीनंतरचे दिवस बरे.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाला उठवून चालवतात. पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे चालणे आवश्यक असते. परतीच्या प्रवासातही दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. घरी आल्यावर नाडी 120 च्या वर राहणे, ताप, दम लागणे, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी वेदना, पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. टाक्यांतून गळती सुरू झाल्याची ती खूण असू शकते, किंवा गुठळी झाल्याची. मधुमेहाच्या रुग्णाने पहिल्या दिवसापासून साखर मोजावी, कारण जुन्या मात्रेतील इन्सुलिन आता जास्त ठरू शकते.

आहार पायरीपायरीने वाढतो. साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, नंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. आपल्या आहारतज्ज्ञाने वेगळा सांगितला असेल तर तोच पाळावा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येते तसले 30 मिलिलिटरचे माप बहिणीने ओट्यावर ठेवले होते. एक माप पाच-दहा मिनिटांत, घोट घोट करत संपवायचे. दीड लिटर पाणी म्हणजे अशी पन्नास मापे, आणि ती प्रत्येक मापामागे भिंतीवर खडूने एक रेघ ओढत असे. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर कायम ठेवावे लागते. प्रथिने रोज 60 ते 80 ग्रॅम लागतात. वरणाच्या वरवरच्या पाण्याने ती भागतात, हा आमच्या घरातला सर्वांत मोठा गैरसमज होता. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर घ्यावीच लागते.

तिसऱ्या आठवड्यात एका नातेवाइकांकडे आग्रहाने तिने भाकरीचे चार घास खाल्ले आणि दोन दिवस उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेविषयी काही न विचारता ग्लुकोजचे सलाइन लावले गेले. मी शल्यचिकित्सकांना फोन केला, तेव्हा त्यांनी ते बंद करायला लावून आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, शिरेतून द्यायला सांगितले. उलट्यांमुळे शरीरातील थायमिन झपाट्याने संपते आणि त्याविना दिलेले ग्लुकोज मेंदूला व नसांना कायमची इजा करू शकते. हे त्या दिवशी मला प्रथमच कळले. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच गावच्या डॉक्टरांकडे एक कागद देऊन ठेवावा. शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, शल्यचिकित्सकाचा क्रमांक, "उलट्या असल्यास ग्लुकोजपूर्वी थायमिन" आणि बायपास असल्यास "आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत" एवढे त्यावर ठळक लिहावे. त्याचीच एक प्रत रुग्णाच्या पाकिटात असावी.

आपल्या जेवणाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. कळण्याची भाकरी जाड आणि कोरडी असते, ती अडकते आणि लगेच त्रास देते, त्यामुळे माणूस आपोआप सावध होतो. खरा धोका शेवभाजीचा आहे. तर्रीत भिजलेली शेव अडथळ्याविना उतरते, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि तेल व बेसन मात्र पूर्ण अंगी लागते. आमरस, केळ्याचे शिकरण आणि खापरावरची पुरणपोळी यांचेही तसेच. बायपास झालेल्याला गोड पदार्थांनी छातीत धडधड, घाम आणि जुलाबही होऊ शकतात. वांग्याचे भरीत मऊ आहाराच्या टप्प्यात, तेल, मिरची आणि शेंगदाणे वगळून चालते, पण त्याआधी थोडे पनीर, अंडे किंवा घट्ट मूगडाळ पोटात गेली पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला किंवा कानबाई देवीच्या उत्सवातील रोटांचा प्रसाद घेणाऱ्याला कोणी आग्रह करू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहुण्यांना आधीच सांगावे. रुग्णाने स्वतः नकार देणे फार अवघड जाते.

तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात आणि बहुतेकांचे सहाएक महिन्यांत पुन्हा येऊ लागतात. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी सहा महिन्यांची गोळी अनेकदा देतात. बाळंतपणाचा विचार असलेल्या स्त्रियांनी बारा ते अठरा महिने थांबावे. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, त्यामुळे गर्भनिरोधनाची सोय आधीच ठरवावी. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, लोह, ड जीवनसत्त्व आणि 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम हे आयुष्यभराचे आहे, आणि कॅल्शियम व लोह यांत दोन तासांचे अंतर हवे. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी व नंतर दरवर्षी रक्त तपासावे. रक्त जळगावातही घेता येते आणि अहवाल फोनवर पाठवता येतो, त्यामुळे अंतराची सबब उरत नाही. बहिणीने या तारखा कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. शेजारी गोळ्यांचा डबा असतो, आणि पुढची तारीख पौष महिन्यातली आहे.